तिरप्या अक्षराची कुळकथा

इंग्रजी पुस्तक वाचावयास नुकताच शिकलेला विद्यार्थी पानावरून नजर फिरवूं लागला, कीं मधेंच एखाद्या ठिकाणीं अडखळतो. सगळीं अक्षरें कवाइतीच्या रांगेंतल्या मुलांप्रमाणें ताठ उभीं असतां एखादाच शब्द उजवीकडे कललेला त्यास दिसतो. हा शब्द चुकून वाकडा पडला, कीं छापखान्यांतले खिळे ढिले झाले, असा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहतो. गुरुजींस विचारावें, तर बहुधा एवढेंच उत्तर मिळतें, ‘त्या शब्दावर जोर द्यावयाचा.’ हें उत्तर खोटें नाहीं. पण नदी म्हणजे काय, असें विचारणाऱ्यास ‘वाहतें पाणी’ एवढेंच सांगून वाटेस लावण्यासारखें तें आहे.

या तिरप्या अक्षरास ‘इटालिक’ म्हणतात. त्याच्या मागें पांचशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, एका कसबी कारागिराची करुण हकीकत आहे, आणि लेखकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी लागावी असे त्याचे कांहीं उपयोगही आहेत. मराठी वाचकास तर त्या इतिहासांत आपल्याच घरच्या एका जुन्या गोष्टीची ओळख पटेल.

प्रथम या अक्षराचें रूप पाहिलें पाहिजे. उभें रोमन अक्षर हातानें उजवीकडे ढकललें म्हणजे इटालिक झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. इंग्रजी लहान लिपींतलें पहिलेंच अक्षर ‘ए’ घ्यावें. छापील उभ्या ‘ए’ला डोक्यावर एक टोपी व खालीं पोट असतें, इटालिक ‘ए’ला ती टोपी नसते, एक वाटोळें व त्यास टेकलेला एक दांडा एवढेंच त्याचें अंग असतें, आणि मुलें पाटीवर काढतात त्याशीं तें मिळतें. उभा ‘एफ्’ ओळीवर थांबतो. इटालिक ‘एफ्’ बहुधा ओळीखालीं उतरून शेपटी वळवितो. तसेंच टोकांचें. उभ्या रोमन अक्षराच्या दांड्यास वर व खालीं लहानसे आडवे पाय असतात. त्यांस सेरिफ असें नांव आहे. दगडांत छिन्नीनें कोरलेल्या प्राचीन रोमन लेखांतील मोठ्या अक्षरांचे ते वारस होत. इटालिक अक्षरास असे सपाट पाय थोडे. त्याऐवजीं लेखणी कागदास प्रथम टेकली त्या जागीं एक तिरकस स्पर्श, आणि लेखणी उचलून पुढच्या अक्षराकडे निघाली त्या जागीं एक बारीक वळसा, अशा दोन खुणा त्यास असतात. शिवाय इटालिक अक्षर उभ्यापेक्षां अरुंद असतें आणि पानावर त्याची छाया थोडी फिकी पडते.

आतां त्याच्या झुकण्याविषयीं. हा कल सर्वत्र सारखा नसतो. कांहीं जुन्या इटालिकांत तो इतका थोडा असतो, कीं बारकाईनें पाहिल्यावांचून ध्यानांत येत नाहीं. तरीसुद्धां तें अक्षर इटालिकच ठरतें. यावरून असें दिसतें, कीं झुकणें हा या अक्षराचा मूळ स्वभाव नव्हे. तो त्याच्या चालीचा परिणाम आहे. उभा असलेला माणूस ताठ असतो, चालूं लागलेला थोडा पुढें कलतो. रोमन अक्षर उभें आहे. इटालिक अक्षर चालतें आहे.

ही चाल त्यास विद्वानांच्या हातांतून मिळाली. पंधराव्या शतकाच्या आरंभीं इटलींतील फ्लोरेन्स शहरीं प्राचीन लॅटिन ग्रंथ शोधून काढण्याचें व त्यांच्या नकला करण्याचें वेड कांहीं पंडितांस लागलें होतें. त्यांतल्या पोज्जो ब्रात्चोलिनी यानें स्वच्छ, सुटें व उभें वळण पुढें आणलें. छापील रोमन अक्षराचें मूळ त्यांतच आहे. त्याचा मित्र निकोलो निकोली यास नकला करावयाची घाई असे. हात भराभर चालावा म्हणून त्यानें अक्षरें अरुंद केलीं, किंचित् पुढें झुकविलीं आणि जमेल तेथें लेखणी न उचलतां एकमेकांस जोडलीं. हेंच लपेटीदार वळण पुढें पोपच्या फडांतल्या चिटणिसांनीं उचललें आणि रोजच्या आज्ञापत्रांतून घोटून घोटून सुंदर केलें. शतक संपण्याच्या सुमारास इटलींतील सुशिक्षित मनुष्याचें खासगी अक्षर साधारण याच घाटाचें असे.

याच सुमारास व्हेनिस शहरांत आल्दुस मानुशियस या नांवाचा एक गृहस्थ छापखाना चालवीत होता. हा मूळचा शिक्षक. कार्पीच्या राजघराण्यांतील मुलांस त्यानें शिकविलें होतें आणि लॅटिन व्याकरणाचें पुस्तकही रचलें होतें. ग्रीक व लॅटिन ग्रंथ शुद्ध स्वरूपांत लोकांच्या हातीं पडावे, या हेतूनें त्यानें उतारवयाकडे झुकत असतां हा नवा व्याप अंगावर घेतला. त्याच्या छापखान्याचे टाइप कोरणारा कारागीर म्हणजे बोलोन्या गांवचा फ्रान्चेस्को ग्रीफो. हा सोनाराच्या घरचा. बारीक कोरीव काम हा त्याचा वंशपरंपरेचा धंदा.

टाइप कोरणें म्हणजे काय, हें समजल्याशिवाय ग्रीफोच्या कामाची अवघड बाजू ध्यानांत यावयाची नाहीं. पोलादाच्या लहानशा दांडीच्या टोकावर अक्षर उलटें कोरावयाचें. ती दांडी तापवून, पाणी देऊन कठीण करावयाची. मग तिचा ठसा तांब्याच्या तुकड्यावर हाणावयाचा. आणि त्या तांब्याच्या मातृकेवरून शिशाच्या मिश्रधातूचे खिळे ओतावयाचे. प्रत्येक खिळा चौकोनी ठोकळा. उभें अक्षर अशा ठोकळ्यावर सहज बसतें. तिरप्या अक्षराचें डोकें मात्र शेजारच्या ठोकळ्याच्या हद्दींत शिरूं पाहतें. तें बाहेर काढलें तर नाजुक टोक मोडतें, आंत ओढलें तर दोन अक्षरांमध्यें भोंक पडल्यासारखें दिसतें. त्यांतून ज्या हस्ताक्षराची नक्कल करावयाची, त्यांत अक्षरें हातांत हात घालून चालणारीं! ग्रीफोनें कल थोडाच ठेवला, आणि जीं अक्षरें एकमेकांस वारंवार भेटतात त्यांचे जोडखिळे मोठ्या संख्येनें कोरले. मोठीं अक्षरें, म्हणजे कॅपिटलें, त्यानें तिरपीं केलीं नाहींत. लहान घाटाचीं उभीं कॅपिटलें ओळीच्या आरंभीं ठेवून त्यामागून ही झुकती पंगत बसविली.

सन १५०० मध्यें सिएनाच्या संत कॅथरीनच्या पत्रांच्या आवृत्तींत एका चित्रांत या टाइपाचे कांहीं शब्द प्रथम झळकले. नंतर १५०१ च्या एप्रिलांत रोमन महाकवि व्हर्जिल याचें काव्य आल्दुसनें आरंभापासून शेवटपर्यंत या अक्षरांत छापून काढलें. तोंपर्यंत असे ग्रंथ म्हणजे मेजावर ठेवूनच वाचावयाचीं जाडजूड बाडें. मधें मूळ चार ओळी आणि भोंवतीं टीकेची तटबंदी. आल्दुसचें पुस्तक एका तावाच्या घड्या घालून आठ पत्रें व्हावीं एवढ्या लहान आकाराचें, टीकेवांचून निव्वळ मूळ पाठ देणारें, व हातांत धरून कोठेंही नेतां येईल असें होतें. या आकाराची कल्पना पिएत्रो बेंबो या मित्राच्या वडिलांच्या संग्रहांतील लहान हस्तलिखितांवरून सुचली, असें पुढें आल्दुसनेंच लिहून ठेवलें आहे.

इटालिक अक्षर अरुंद, म्हणून कागद वांचविण्यासाठीं तें काढलें, असें पुष्कळ पुस्तकांत सांगितलेलें असतें. यांत थोडेंच तथ्य आहे. अक्षराच्या अरुंदपणानें कांहीं जागा वांचली असेल. पण पुस्तक लहान झालें तें मुख्यत्वें कागदाच्या घड्यांमुळें व टीका गाळल्यामुळें. अक्षराची निवड निराळ्या कारणानें झालेली दिसते. खासगी हस्तलिखिताचें जें आपलेपण, तें छापील पुस्तकांत यावें; वाचणाऱ्यास वाटावें, कीं आपल्याच एखाद्या विद्वान् मित्रानें आपल्यासाठीं ही प्रत उतरून दिली आहे. याचा अर्थ असा, कीं आरंभीं इटालिक अक्षर जोर देण्यासाठीं नव्हतेंच. तें सबंध पुस्तकाचें अक्षर होतें.

या पुस्तकांचा बोलबाला फार झाला आणि त्याबरोबर चोरीही आली. आल्दुसनें १५०२ सालीं व्हेनिसच्या सेनेटकडून या अक्षराबद्दल मक्त्याची सनद मिळविली. पोपकडूनही तसें संरक्षण घेतलें. पण व्हेनिसचा हुकूम फ्रान्सांत कोण मानणार? लिऑन शहरच्या छापखान्यांनीं हुबेहूब तसा टाइप कोरवून तींच पुस्तकें त्याच आकारांत बाजारांत आणलीं. तेव्हां १५०३ च्या मार्चांत आल्दुसनें एक जाहीर पत्रक काढलें. बनावट प्रतींचा कागद वाईट आहे, त्यांस वास येतो, आणि त्यांत अमुक अमुक ठिकाणीं अशुद्धें आहेत, असें सांगून त्यानें चुकांची यादीच छापली. लिऑनच्या मुद्रकांनीं ती यादी समोर ठेवून आपल्या पुढच्या प्रती शुद्ध करून घेतल्या, असें सांगतात! चोराच्या हातांत आपणच दिवा द्यावा, तसें झालें.

परंतु या सनदेचा खरा घाव बसला तो चोरांवर नव्हे. ज्यानें अक्षर घडविलें त्या ग्रीफोवर बसला. आल्दुसनें १५०१ च्या व्हर्जिलांत ग्रीफोच्या कुशल हातांची स्तुति करणाऱ्या तीन ओळी छापल्या होत्या, हें त्याच्या श्रेयास लावलें पाहिजे. तथापि स्तुति कारागिराची आणि हक्क मालकाचा, अशी ही वांटणी होती. सनदेमुळें स्वतःच्या बुद्धीनें व बोटांनीं घडविलेलें अक्षर व्हेनिसच्या हद्दींत दुसऱ्या कोणासही कोरून देण्याची ग्रीफोस चोरी झाली. दोघांचें बिनसलें. ग्रीफो फानो येथें गेर्शोम सोन्चिनो या ज्यू मुद्रकाकडे गेला. १५०३ सालीं सोन्चिनोनें पेत्रार्काचीं काव्यें त्याच्या नव्या इटालिकांत छापलीं आणि अर्पणपत्रिकेंत उघड लिहिलें, कीं आल्दुस ज्या अक्षरांवर आजवर मिरवला तीं सगळीं या बोलोन्याच्या फ्रान्चेस्कोनें कोरलेलीं आहेत.

ग्रीफोचा शेवट दुःखाचा झाला. अखेरीस तो आपल्या गांवीं परतला आणि १५१६ सालीं त्यानें स्वतःच्या नांवानें कांहीं चिमुकलीं पुस्तकें छापण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं जांवयाशीं भांडण होऊन लोखंडी दांड्यानें त्याचा जीव घेतल्याचा आरोप त्याच्यावर आला. त्यापुढें हा माणूस इतिहासाच्या पानावरून जवळ जवळ नाहींसाच होतो. पुढें तर त्याचें नांवही दुसऱ्याच्या खातीं पडावयाचें होतें. १८५८ सालीं ब्रिटिश म्यूझियमचे ग्रंथपाल पानित्सी यांनीं असें प्रतिपादन केलें, कीं ‘बोलोन्याचा फ्रान्चेस्को’ म्हणजे त्या गांवचा प्रसिद्ध चित्रकार फ्रान्चेस्को फ्रान्चिया होय. इतकें सुंदर काम एखाद्या साध्या ठसेकऱ्याचें असेल, हें जणूं कोणास खरें वाटेना. बोलोन्यांतील जुनीं कागदपत्रें पुढें आलीं, तेव्हां कोठें ग्रीफोचें कर्तृत्व त्याच्या पदरांत पडलें.

इटालिकाचा दुसरा थोर शिल्पकार म्हणजे लुदोविको देल्यी अर्रीगी. हा विचेन्त्सा प्रांतीचा, आणि रोममध्यें पोपच्या दफ्तरांत नकला करणारा लेखक. १५२२ हें साल घातलेला त्याचा कित्ता प्रसिद्ध आहे. चिटणिशी वळण कोणासही शिकतां यावें म्हणून त्यानें तो रचला आणि लांकडी ठशांवर कोरवून छापविला. दोन वर्षांनीं त्यानें स्वतःच्या हस्ताक्षरावरून टाइप करवून छापखानाही काढला. ग्रीफोचें इटालिक दाट आणि कामसू, अर्रीगीचें ऐसपैस. त्याच्या अक्षरांचे वरचे व खालचे दांडे लांब, ओळींमध्यें मोकळी हवा, आणि कांहीं कॅपिटलांस डौलदार वळसे. १५२७ सालीं परकी फौजेनें रोम लुटलें, त्यानंतर त्याचा मागमूस लागत नाहीं. त्या धामधुमींतच तो गेला असावा.

यापुढें या अक्षराचें बिऱ्हाड आल्प्स ओलांडून उत्तरेकडे गेलें. १५२० नंतरच्या वर्षांत कॅपिटलेंही लहान अक्षरांबरोबर झुकूं लागलीं. फ्रान्सांतील क्लोद गारामों यानें उभें रोमन अक्षर पराकोटीस नेलें, तर रोबेर ग्रांजों यानें इटालिक. ग्रांजोंनें पॅरिस, लिऑन, अँटवर्प व रोम अशा अनेक ठिकाणीं टाइप कोरले. आज ‘गॅरमंड’ या नांवानें जे टाइप मिळतात, त्यांतल्या कित्येकांत उभीं अक्षरें गारामोंच्या घाटाचीं आणि तिरपीं ग्रांजोंच्या घाटाचीं असतात. दोघां निराळ्या कारागिरांच्या अक्षरांचा हा संसार चांगला टिकला आहे. येथेंच इटालिकाच्या आयुष्यास कलाटणी मिळाली. जें स्वतंत्र कुटुंब होतें, तें रोमनच्या घरीं नांदूं लागलें. सबंध पुस्तक इटालिकांत छापण्याची चाल हळूहळू मागें पडली आणि उभ्या मजकुरांत निराळेपण दाखविण्याचें काम त्याकडे आलें. अठराव्या शतकांत इंग्लंडांत कॅस्लन व बॅस्करव्हिल यांनीं जे टाइप केले, त्यांतलें इटालिक असें जोडीदार म्हणूनच जन्मास आलें.

आतां त्याच्या उपयोगांकडे वळावयास हरकत नाहीं. पहिला उपयोग जोर देण्याचा, तो सर्वांस ठाऊक आहे. दुसरा नांवांचा. इंग्रजींत ग्रंथाचें, नियतकालिकाचें किंवा जहाजाचें नांव इटालिकांत घालतात. त्यामुळें एखाद्या राजाचें नांव आणि त्याच नांवाचें नाटक यांत घोटाळा होत नाहीं. नाटकांत पात्राचें बोलणें उभ्या अक्षरांत आणि ‘दार उघडून आंत येतो’ अशा सूचना तिरप्या अक्षरांत असतात. म्हणून नट ती सूचना मोठ्यानें म्हणत नाहीं!

शास्त्रांत तर हें अक्षर म्हणजे अर्थाचाच एक भाग आहे. प्राण्यांच्या व वनस्पतींच्या शास्त्रीय नांवांत गण व जाति दाखविणारे शब्द इटालिकांत छापण्याचा संकेत आहे. आंब्याचें ‘मँजिफेरा इंडिका’ हें नांव जगांतल्या कोणत्याही भाषेच्या पुस्तकांत याच वेषांत भेटतें. पदार्थविज्ञानांत राशींचीं चिन्हें तिरपीं आणि परिमाणांचीं चिन्हें उभीं. तिरपा ‘एम्’ म्हणजे वस्तुमान, उभा ‘एम्’ म्हणजे मीटर. तिरपा ‘जी’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाचें त्वरण, उभा ‘जी’ म्हणजे ग्रॅम. जुळाऱ्याच्या हातून एक खिळा चुकीच्या खणांतून उचलला गेला, तर दिसावयास ती क्षुल्लक चूक. पण समीकरणाचा अर्थ फिरतो.

सर्वांत उदात्त उपयोग मात्र भाषांतरकारांनीं केला. १५६० सालीं जिनीव्हा येथें निघालेल्या इंग्रजी बायबलांत एक नवी रीत आढळते. मूळ हिब्रू किंवा ग्रीक वाक्यांत नसलेला, परंतु इंग्रजी वाक्य पुरें होण्यासाठीं घालावा लागलेला प्रत्येक शब्द तेथें इटालिकांत छापला आहे. म्हणजे भाषांतरकार पदोपदीं वाचकास सांगतो, ‘हा शब्द मूळचा नव्हे, हा माझ्या पदरचा.’ पुढच्या कित्येक इंग्रजी बायबलांनीं हा परिपाठ चालविला. ज्या ग्रंथास लोक ईश्वराचा शब्द मानीत, त्यांत स्वतःची भर लपवावयाची नाहीं, हा त्या मुद्रकांचा व पंडितांचा निश्चय त्या कललेल्या शब्दांतून दिसतो. अक्षराचें वळण सत्यनिष्ठेच्या कामीं यावें, याहून मोठा मान त्यास कोणता मिळणार?

परकी शब्द इटालिकांत घालण्याची चालही मोठी बोधक आहे. हिंदुस्थानविषयक इंग्रजी पुस्तकें पाहावीं. ‘जंगल’ व ‘बंगला’ यांपासून इंग्रजींत गेलेले शब्द तेथें ताठ उभे असतात. ते त्या भाषेचे रहिवासी झाले. ‘बखर’ किंवा ‘पोवाडा’ हे शब्द आले, कीं ते बहुधा तिरपे दिसतात. त्यांस अद्यापि पाहुण्यासारखें ओसरीवर बसविलें जातें. अलीकडे इंग्रजींत लिहिणारे कित्येक भारतीय लेखक या चालीस हरकत घेतात. जो शब्द लेखकाच्या घरांत रोजचा आहे, तो त्याच्याच पुस्तकांत परका म्हणून कां वांकवावा, असें त्यांचें म्हणणें आहे. अक्षराच्या थोड्याशा कलण्यांत घरचा कोण आणि बाहेरचा कोण, हा मोठा प्रश्न दडलेला असतो.

गुणांबरोबर या अक्षराचे पथ्यही सांगितलें पाहिजे. मिठाप्रमाणें तें चिमटीनेंच घालावयाचें. पानांमागून पानें इटालिकांत छापलीं, तर आजच्या वाचकाचे डोळे शिणतात. वाचनांत अडखळणाऱ्या मुलांच्या पुस्तकांत तर तें टाळावें, असाच जाणत्यांचा सल्ला आहे. ज्या लेखकास दर ओळींत शब्द तिरपा करावासा वाटतो, त्यानें वाक्यरचनाच पुन्हा पाहावी हें बरें. आणि सबंध परिच्छेदच इटालिकांत असेल, तर त्यांतल्या शब्दावर जोर देण्यासाठीं तो उभा करावा लागतो. सगळेच झुकले, म्हणजे ताठ उभा राहणारा उठून दिसतो.

हस्तलिखितांत इटालिक कसें दाखवावयाचें, याचीही खूण ठरलेली आहे. शब्दाखालीं एक सरळ रेघ ओढली, कीं जुळारी तो शब्द इटालिकांत जुळवी. दोन रेघा म्हणजे लहान घाटाचीं कॅपिटलें, तीन म्हणजे मोठीं. टाइपरायटरवर तिरपें अक्षर बहुधा नसेच, म्हणून तेथेंही शब्दाखालीं रेघ ओढण्याचा प्रघात पडला.

विसाव्या शतकांत या अक्षराच्या मूळ स्वभावाविषयींच वाद निघाला. इंग्लंडांतील मुद्रणपंडित स्टॅन्ली मॉरिसन यांनीं १९२६ सालीं असें मत मांडलें, कीं आजचें इटालिक रोमनचें जोडीदार आहे, तर त्यानें हस्ताक्षराचे नखरे सोडावे. तें नुसतें झुकविलेलें रोमन असावें. हॉलंडचे यान फान क्रिम्पेन यांनीं या तत्त्वावर ‘रोम्युलस’ नांवाच्या टाइपाचें इटालिक केलें. परंतु तो प्रयोग रुळला नाहीं. ढकललेलें रोमन अक्षर उभ्यापासून पुरेसें वेगळें दिसेना, आणि चालण्याचा जिवंतपणाही त्यांत येईना. उलट ब्रूस रॉजर्स यांनीं ‘सेंटॉर’ हें उभें अक्षर केलें, तेव्हां त्यास शोभणारें इटालिक म्हणून फ्रेडरिक वॉर्ड यांनीं अर्रीगीच्या वळणावरून घडविलेलें अक्षर निवडलें. आणि ही जोडी आजही आदर्श मानली जाते. संगणकाच्या काळांत हाच वाद नव्या वेषांत आला आहे. कळ दाबतांच यंत्र कोणतेंही अक्षर तिरपें करून देतें. खरें इटालिक हातीं नसतां असें वांकविलेलें अक्षर वापरलें, कीं त्याचे जाडबारीक भाग विद्रूप होतात, आणि जाणता वाचक तें तत्काळ ओळखतो.

मराठी वाचकाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. देवनागरीस इटालिक आहे काय? शिरोरेघेस लटकणारीं अक्षरें यंत्रानें तिरपीं करतां येतात आणि आज कित्येक पुस्तकांत तशीं दिसतात. पण रेघ आडवी ती आडवीच राहते, खालचे काने मात्र कलतात, आणि वाऱ्यानें दोरीवरचे कपडे एका बाजूस उडावे तसा भास होतो. यामागें हस्ताक्षराची परंपरा नाहीं. १८६९ सालीं जावजी दादाजी यांनीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या सुबक टाइपांनीं मराठी व संस्कृत मुद्रणास जें वळण लावलें, तें उभ्या बाळबोध अक्षराचें. जोर द्यावयाचा तर ठळक टाइप, आणि ग्रंथनाम द्यावयाचें तर अवतरणचिन्हें, यांवर मराठीचें काम भागत आलें.

शिवाय मराठीस जोरासाठीं तिरप्या अक्षराची तितकी गरजही नाहीं. तें काम तिच्या व्याकरणानेंच पत्करलें आहे. ‘रामानेंच पत्र लिहिलें’, ‘रामानें पत्रच लिहिलें’, ‘रामानें पत्र लिहिलेंच’ या तीन वाक्यांत ‘च’ हें एवढेंसें अक्षर जागा बदलतें आणि अर्थ निराळा होतो. इंग्रजींत हाच भेद दाखवावयाचा, तर तेंच वाक्य तीनदां छापून दर वेळीं निराळा शब्द तिरपा करावा लागेल. इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्यानें मूळांतला प्रत्येक तिरपा शब्द मराठींतही तिरपा करण्याची घाई करूं नये. पुष्कळदां तेथें एक ‘च’ किंवा ‘तर’ पुरतो.

तरी आपल्याकडे चालणारें अक्षर कधीं नव्हतेंच, असें मात्र नाहीं. पोज्जोचें उभें वळण व निकोलीचें लपेटीदार वळण यांची जोडी सांगितली, तेव्हांच मराठी मनास बाळबोध व मोडी आठवली असेल. पोथी बाळबोधींत, पत्र मोडींत. आधीं कागदभर रेघ ओढून घ्यावयाची आणि मग तिच्याखालीं लेखणी शक्य तों न उचलतां अक्षरें धांवतीं ठेवावयाचीं. फडांतल्या कारकुनाची घाई हीच मोडीचीही आई. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांतल्या दफ्तरांत तिचीं नाना वळणें जपलेलीं आहेत. मोडीचे खिळेही एके काळीं पडले. विल्यम कॅरी यांचा मराठी कोश १८१० सालीं सेरामपूर येथें निघाला, तो मोडी टाइपांत. फरक पडला तो पुढें. इटलींत घाईचें अक्षर छापखान्यांत शिरलें, उभ्या अक्षराशीं त्याची सोयरीक झाली, आणि तें जगलें. महाराष्ट्रांत छापखाना बाळबोधीचा झाला, मोडी कागदावरच राहिली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतूनही ती उठली. लिपि सुंदर असली म्हणून तगत नाहीं. तिला ग्रीफोसारखा कोणी ठसेकरी भेटावा लागतो. पुढें कोणी कसबी कलावंत मोडीचा लपेटा बाळबोधीच्या शेजारीं नांदवूं शकला, तर देवनागरीसही स्वतःची अशी तिरपी सोबत मिळूं शकेल; यंत्रानें ढकललेल्या अक्षराची उसनवारी करावी लागणार नाहीं.

शेवटीं पुन्हा त्या कारागिराकडे वळावें. विसाव्या शतकांत व्हेनिसच्या त्या टाइपांवरून नवे टाइप निघाले, तेव्हां १९२९ सालच्या एकास ‘बेंबो’ हें लेखकाचें नांव मिळालें आणि १९५४ सालच्या एकास ‘आल्दुस’ हें प्रकाशकाचें. ग्रीफोचें नांव ज्या टाइपास मिळालें, तो व्हेरोना येथील मार्डरश्टाइग यांनीं आपल्या हातछापखान्यापुरता करवून घेतलेला. पण ज्याचें नांव फारसें कोणी घेत नाहीं, त्याचें काम दररोज कोट्यवधि डोळ्यांखालून जातें. एखाद्या पानावर एखादा शब्द थोडासा पुढें झुकलेला दिसला, कीं वाचणाऱ्यानें जोर द्यावा तो द्यावाच. पण पांचशें वर्षांपूर्वीं बोलोन्याच्या एका सोनाराच्या मुलानें पोलादावर अक्षरास चालावयास शिकविलें, याचीही क्षणभर आठवण ठेवावी.